पायाशी चेंडू, दूर झेंडा: गोल्फ खेळणाऱ्यांचे डोळ्यांविषयीचे प्रश्न

या वेळच्या सदरात मी फक्त गोल्फ खेळणाऱ्यांची पत्रं निवडली आहेत. मी नेत्रतज्ज्ञ आहे आणि गेली २४ वर्षं हा खेळ खेळते आहे, त्यामुळे ही पत्रं हातात घेतली की खाली ठेववत नाहीत. बहुतेकांनी 'नजर अधू झाली' असं लिहिलंय. पत्र पुढे वाचलं की लक्षात येतं, नजर बरीचशी शाबूत आहे. चष्मा मात्र दुसऱ्याच कामासाठी बनवलेला आहे. तपासणीच्या खोलीत आम्ही ६ मीटरवरचा तक्ता वाचून घेतो आणि ४० सेंटीमीटरवरचा कागद वाचून घेतो. गोल्फचा चेंडू या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो, आणि त्याचं अंतर रुग्ण सांगत नाही, डॉक्टरही विचारत नाहीत.

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ५८. दोन महिन्यांपूर्वी प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतला. गाडी चालवताना, वाचताना छान दिसतं. पण चेंडूपाशी उभा राहिलो की तो अंधुक दिसतो, जमीन हलल्यासारखी वाटते, आणि फटका चेंडूच्या मागे जमिनीत बसतो. चष्म्याच्या दुकानात 'सवय होईल' म्हणाले. खरंच होईल का?

चालण्याफिरण्याची सवय होईल. चेंडूच्या बाबतीत मात्र सवयीची वाट पाहू नका, कारण तुमचा चष्मा चुकत नाहीये, तो नेमून दिलेलं कामच करतो आहे.

प्रोग्रेसिव्ह भिंगाचा वरचा भाग दूरचा, खालचा भाग वाचनाचा, आणि मधे नंबर हळूहळू बदलत जातो. चेंडूवर उभं राहिल्यावर मान थोडी झुकते आणि उरलेलं काम डोळे खाली वळून करतात. म्हणजे नजर नेमकी वाचनाच्या भागातून जाते. तुमच्या वयाला जवळचा वाढीव नंबर साधारण सव्वादोन असतो, आणि तो भाग ४४ सेंटीमीटरवर स्पष्ट दाखवतो. ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची सर्वात लांब काठी, हातात असताना डोळ्यापासून चेंडू दीड मीटरच्याही थोडा पुढे असतो. हिशेब केला तर तो चेंडू तुम्हाला सुमारे दीड नंबरच्या धूसरपणातून दिसतो. उणे दीड नंबरवाल्या माणसानं चष्मा काढून दूरची पाटी वाचावी, तसंच हे झालं. शिवाय प्रोग्रेसिव्हच्या खालच्या दोन्ही बाजूंना प्रतिमा वेडीवाकडी करणारे पट्टे असतात. ते भिंगाच्या रचनेतच आहेत, कितीही महाग घेतलं तरी पूर्ण जात नाहीत. जमीन हलते ती त्यांच्यामुळे.

मीही ५१व्या वर्षी याच खड्ड्यातून गेले आहे. तीन महिने मी हनुवटी छातीला टेकवून चेंडू वरच्या भागातून पाहण्याचा प्रयत्न केला. चेंडू दिसायचा, पण खांदा वळायला जागाच उरायची नाही, आणि मानेचं दुखणं वेगळं लागलं. शेवटी एका मैत्रिणीला चेंडूपाशी शिंप्याची टेप धरायला लावली आणि डोळ्यापर्यंतचं अंतर मोजलं. ड्रायव्हरला १५८ सेंटीमीटर, पटरला, म्हणजे चेंडू जमिनीवरून होलकडे ढकलायच्या काठीला, १२६. तो कागद घेऊन मी माझा खेळायचा चष्मा बनवून घेतला.

तुम्हीही तेच करा. खेळासाठी वेगळा, फक्त दूरच्या नंबरचा एकेरी चष्मा बनवा. दूरच्या नंबरातून दीड मीटरवरचा चेंडू अगदी कोरीव दिसणार नाही, पण त्या अंतराला लागणारा जादा नंबर जेमतेम पाऊण आहे. बहुतेकांना तेवढ्यावर चेंडू पुरेसा स्वच्छ दिसतो. नसेल दिसत तर दूरच्या नंबरात अगदी पाव नंबराची तडजोड करता येते, पण ती चाचणीच्या फ्रेममध्ये भिंग घालून, खरोखर चेंडूपाशी उभं राहण्याच्या पवित्र्यात पाहूनच. स्कोअरकार्ड वाचण्यासाठी खिशात वाचनाचा छोटा चष्मा ठेवा. किंवा भिंगाच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात, चेंडूच्या नजरेच्या वाटेत न येणारा, वाचनाचा लहानसा तुकडा बसवून मिळतो. उजव्या हातानं खेळणाऱ्याला तो सहसा उजव्या भिंगात सोयीचा पडतो.

आणि हो, नवा चष्मा स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदा घालू नका. विशेषतः सिलिंडर नंबर (डोळ्याच्या असमान गोलाईसाठीचा नंबर) बदलला असेल तर सपाट ग्रीनही, म्हणजे झेंडा लावलेल्या होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळही, कलती वाटते. एक-दोन आठवडे घालून फिरा, मग खेळा.

प्रश्न: मी ४५ वर्षांची आहे. फटका चांगला बसतो, पण चेंडू हवेत गेला की मला दिसतच नाही. सोबतचे लोक सांगतात कुठे पडला ते. तपासणीत नंबर 'नगण्य, उणे अर्धा' निघाला, चष्मा दिला नाही.

गोल्फसाठी उणे अर्धा नंबर नगण्य नाही. का ते आकड्यांत सांगते.

नियमाप्रमाणे चेंडूचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर असतो. निरोगी डोळा, म्हणजे ज्याला आम्ही ६/६ म्हणतो, तो एका अंशाच्या ६०व्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखतो. चेंडू सुमारे १४७ मीटरवर पोचला की तो डोळ्याला बरोबर तेवढाच उरतो. २०० मीटरवर त्याहूनही लहान. तिथे चेंडूचा आकार दिसत नसतो. दिसतो तो आजूबाजूपेक्षा उजळ असा एक ठिपका. उजेड-अंधारातला फरक पुरेसा असेल तर ठिपका दिसतो, नसेल तर विरून जातो. अर्धा नंबर न दुरुस्त केलेल्या डोळ्यात तो इवलासा उजेड पसरतो आणि पार्श्वभूमीत मिसळतो. घरात, कामावर, रस्त्यावर तुम्हाला याचा पत्ताही लागणार नाही. आभाळातल्या चेंडूला लागतो.

तेव्हा खेळायला अर्ध्या नंबराचा चष्मा, परावर्तन रोखणाऱ्या लेपासह, किंवा डोळ्यात बसवायची लेन्स जरूर करून घ्या. आणि भिंगं पुसा! माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या चष्म्यावर घामाचे आणि सनस्क्रीनचे थर असतात. थेंबभर सौम्य साबण, पाणी, मऊ कापड. शर्टाच्या टोकानं पुसून पडलेले चरे परत जात नाहीत, आणि प्रत्येक चरा उजेड विखरतो.

चेंडूचा रंगही बदलून पाहा. दिवसाच्या उजेडात आपला डोळा पिवळसर हिरव्या उजेडाला सर्वात जास्त प्रतिसाद देतो. म्हणून झगझगीत पिवळा चेंडू ढगाळ आभाळासमोर बऱ्याच जणांना पांढऱ्यापेक्षा लवकर सापडतो. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून ५ मिनिटांऐवजी ३ मिनिटंच मिळतात, त्यामुळे हा फरक गुणांतही दिसतो.

प्रश्न: गोल्फसाठी गॉगल कोणता? पोलराइज्ड घ्यावा की नाही यावर आमच्या गटात रोज वाद होतो.

आधी वादाबाहेरची गोष्ट. गॉगल ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारा हवा. काच किती गडद आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. पॉलीकार्बोनेटचं पारदर्शक भिंगसुद्धा हे किरण अडवतं. उलट गडद पण संरक्षण नसलेली काच वाईट, कारण तिच्याआड बाहुली मोठी होते आणि किरणांना आत जायला जास्त वाट मिळते. हिरवळ अतिनील किरण फारसे परतवत नाही, १० टक्क्यांहून कमी. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के परतवते. खरा भार वरून आणि बाजूंनी येतो, आणि गोल्फ म्हणजे चार-साडेचार तास उघड्यावर. म्हणून बाजूंनी झाकणारी फ्रेम आणि रुंद कडेची टोपी. वर्षानुवर्षं ऊन, वारा आणि धूळ घेतलेल्या डोळ्यांत नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर मांस वाढत येतं, टेरिजियम म्हणतात त्याला. मोतीबिंदूच्या एका प्रकारालाही हे किरण हातभार लावतात.

आता पोलराइज्ड. पाण्यावरून, ओल्या रस्त्यावरून येणारी आडवी चकाकी हा गॉगल काढून टाकतो. तळ्याकाठी डोळ्यांना फार आराम मिळतो. पण ग्रीनवर थोडी चकाकी आपल्या उपयोगाची असते: गवताची पाती आपल्यापासून दूर झुकलेली असली की तो पट्टा चमकतो, आपल्याकडे झुकलेली असली की गडद दिसतो. पोलराइज्ड भिंग हा फरक पुसट करू शकतं. काही अंतरमापकांचे पडदेही त्यातून काळे दिसतात. मी स्वतः पोलराइज्ड न केलेला तपकिरी गॉगल वापरते. तपकिरी किंवा अंबर रंग निळा उजेड कापतो आणि गवतातले चढ-उतार उठून दिसतात. राखाडी रंग रंगांना धक्का लावत नाही, पण उठावही देत नाही. भर उन्हासाठी ८ ते १८ टक्के उजेड आत सोडणारी, म्हणजे तिसऱ्या श्रेणीची काच ठीक. चौथ्या श्रेणीची घेऊ नका, ती घालून गाडी चालवता येत नाही. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा घेणार असाल तर एवढं माहीत असू द्या की कडक उष्णतेत त्या कमी काळ्या होतात, आणि झाडांच्या सावलीत शिरल्यावर उजळायला काही मिनिटं घेतात.

प्रश्न: माझा खेळ ग्रीनपर्यंत उत्तम असतो, पटिंगला, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलमध्ये ढकलताना, सगळं जातं. मला रेषा सरळ दिसते, चेंडू मात्र होलच्या डावीकडून जातो. हा डोळ्यांचा दोष असू शकतो का? वय ३९, चष्म्याचा नंबर उणे चार.

असू शकतो, आणि या पत्रावर मी सर्वात जास्त वेळ बसले, कारण यात तीन वेगवेगळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत.

पहिली चष्म्याची कड. भिंगाच्या मध्यातून पाहिलं की वस्तू आहे तिथे दिसते. मध्यापासून बाजूला नजर सरकली की भिंग प्रिझमसारखं वागतं आणि वस्तूची जागा सरकवतं. तुमच्या उणे चारच्या भिंगात मध्यापासून १ सेंटीमीटर बाजूनं पाहिलं, तर दर मीटरमागे ४ सेंटीमीटर सरक होते. ३ मीटरवरच्या पटिंगला १२ सेंटीमीटर. होलची रुंदी १०.८ सेंटीमीटर आहे! रोजच्या चष्म्याशी मेंदू बराचसा जुळवून घेतो, म्हणून प्रत्यक्षात एवढी चूक होत नाही. तरी चेंडूवर वाकून, डोळे तिरके करून होलकडे पाहणं हा प्रसंग रोजचा नाही. त्यामुळे डोळे फिरवू नका, डोकं फिरवा. चेंडूवरून होलकडे पाहताना मान एका अक्षावर वळू द्या, नाक रेषेवरून सरकत जावं, म्हणजे नजर भिंगाच्या मध्याजवळ राहील. फ्रेमची कड रेषेच्या आड येत असेल तर थोडी मोठी, पातळ कडेची फ्रेम निवडा. लेन्स डोळ्याबरोबर फिरते, तिच्यात ही अडचणच नाही; पटिंगसाठी लेन्स बरी म्हणणारे लोक उगाच म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट प्रधान डोळ्याची. दोन्ही हात लांब करा, तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा, तिच्यातून दूरचा झेंडा पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं झेंडा खिडकीतच राहतो, तो तुमचा प्रधान डोळा. बहुतेकांचा उजवा असतो; माझा डावा आहे, आणि मी उजव्या हातानं खेळते. बरीच वर्षं मी चेंडू दोन्ही पायांच्या मधोमध ठेवायचे आणि पटरचं तोंड नेहमी थोडं उघडं, म्हणजे होलच्या उजवीकडे वळलेलं, राहायचं. चेंडू एका चेंडूच्या रुंदीइतका पुढे, डाव्या डोळ्याखाली आणला, आणि मला पहिल्यांदा पटरची रेघ आणि होल एकाच ओळीत दिसले. तुम्ही असं करा: पवित्रा घ्या, दुसरा चेंडू प्रधान डोळ्याखाली धरून सोडा. तो खालच्या चेंडूवर किंवा त्याच्या रेषेवर पडायला हवा. रेषेच्या आत किंवा बाहेर पडत असेल तर तुम्ही रेषा तिरक्या कोनातून पाहता आहात.

तिसरी गोष्ट मला सर्वात जवळची वाटते. कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी गोल्फ खेळणाऱ्यांच्या नजरेची नोंद घेणारी उपकरणं लावून अभ्यास केला आणि तो १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चांगल्या खेळाडूंची नजर फटक्याआधी चेंडूवर दोन-तीन सेकंद निश्चल राहते असं दिसलं, आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर ती त्याच जागेवर, गवतावर टिकते. कमी कौशल्याच्या खेळाडूंची नजर चेंडू, पटर, होल अशी भिरभिरत राहते. या स्थिरावण्याला त्यांनी 'क्वाएट आय' म्हटलं. मी याला नजर टेकवणं म्हणते. चेंडूवर तीनशेहून जास्त खळगे असतात. त्यातला मागच्या बाजूचा एकच निवडा. होलकडे दोन-तीनदा शांतपणे पाहून या, मग त्या खळग्यावर नजर टेकवा, मनात 'एक, दोन' म्हणा आणि फटका मारा. चेंडू गेल्यावर गवत दिसलं पाहिजे. होलमध्ये पडल्याचा आवाज कानानं ऐका.

याचा नंबराशी संबंध नाही, पण डोळ्यांच्या आरामाशी आहे. भिरभिरणारी नजर थकते, आणि १४व्या-१५व्या होलला दुखणारं कपाळ कित्येकदा तिथूनच येतं.

प्रश्न: वारा असला की माझ्या डोळ्यांना सारखं पाणी येतं. डॉक्टर म्हणाले डोळे कोरडे आहेत. पाणी येतंय तर कोरडे कसे?

हा प्रश्न पडणं अगदी रास्त आहे. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो आणि त्यावर तेलाचा त्याहून पातळ थर, तो अश्रू उडून जाऊ देत नाही. तेल कमी पडलं की थर फाटतो, बुबुळ उघडं पडतं, चुरचुरतं, आणि डोळा घाबरून पाण्याचा लोट सोडतो. ते पाणी नुसतं पाणी असतं; गालावर ओघळतं, थर धरत नाही.

एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो. एकाग्र झालो की हे प्रमाण खूप घटतं, आणि गोल्फमध्ये एकाग्रता आणि वारा बरोबरच येतात. म्हणून प्रत्येक फटक्याआधी, क्लब (फटक्याची काठी) निवडताना, डोळे पूर्ण मिटून दोन-तीनदा उघडा. अर्धवट नको, पापण्या एकमेकींना टेकल्या पाहिजेत. खेळायच्या २० मिनिटं आधी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू घाला. रात्री कोमट ओल्या कापडाचा शेक ५ ते १० मिनिटं, मग पापणीच्या कडेला हलका मसाज, म्हणजे साकळलेलं तेल सुटतं. लालपणा घालवणारे ड्रॉप्स मात्र रोज वापरू नका; ते रक्तवाहिन्या आवळतात, आणि बंद केले की डोळा आधीपेक्षा लाल होतो. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्यांतल्या काही डोळे कोरडे करतात.

सनस्क्रीन भुवईच्या वर थापू नका, घामाबरोबर ते थेट डोळ्यांत उतरतं. बंकरमधली (मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यातली) वाळू डोळ्यात गेली तर चोळू नका. लेन्स असेल तर काढा, डोळा स्वच्छ पाण्यानं धुवा, आणि तरीही खुपत राहिलं तर खेळ सोडून दवाखान्यात जा.

प्रश्न: डोळ्यांच्या व्यायामानं नंबर जातो का? त्यामुळे माझा खेळ सुधारेल का?

नंबर जात नाही. तो डोळ्याच्या लांबीमुळे, बुबुळाच्या गोलाईमुळे किंवा वयानं कडक झालेल्या नैसर्गिक भिंगामुळे असतो. डोळे गरगर फिरवून यातलं काहीच बदलत नाही. दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र आणण्याची ताकद कमी असेल तर व्यायामाचा खरा उपयोग होतो, पण ती तपासणी आधी करून घ्या. खेळ सुधारायचा असेल तर तेवढा वेळ वर सांगितलेल्या नजर टेकवण्याला द्या.

प्रश्न: मला लाल-हिरवा रंग नीट ओळखता येत नाही. लाल झेंडा झाडीसमोर हरवतो.

हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि पुरुषांत जास्त आढळतो, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. क्लबला पिवळा किंवा पांढरा झेंडा लावण्याची विनंती जरूर करा. रास्त मागणी आहे ती. पाण्यासारख्या दंडक्षेत्राची हद्द दाखवणाऱ्या लाल आणि पिवळ्या खुंट्यांतला फरक नियमांच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे, कारण लाल खुंट्यांच्या क्षेत्रात बाजूला चेंडू टाकण्याचा जादा पर्याय मिळतो. रंग कोणता हे बरोबरच्या खेळाडूला बेलाशक विचारा. ती सर्वांना उपलब्ध असलेली माहिती आहे, नियमांत तिला सल्ला मानत नाहीत.

प्रश्न: वय २९, नंबर उणे पाच. लेसर करून घेऊ का? टायगर वुड्सनंही केलं होतं ना?

केलं होतं, १९९९ मध्ये. त्याचा नंबर उणे अकराच्या आसपास होता आणि तोपर्यंत तो लेन्स घालून खेळत होता. पण हेही लक्षात घ्या की २००७ मध्ये त्याला पुन्हा लेसर करावं लागलं.

तुमचा नंबर किमान वर्षभर स्थिर असेल, बुबुळाची जाडी आणि आकार योग्य असेल, आणि डोळे कोरडे नसतील, तर विचार करायला हरकत नाही. पहिले काही महिने कोरडेपणा वाढतो, तेव्हा वाऱ्यातला खेळ जड जाईल. चाळिशीनंतर जवळचा चष्मा लागणारच, लेसर ते टाळत नाही. घाई नसेल तर रोज नवी घालून टाकून द्यायची लेन्स हा उत्तम मार्ग आहे. फक्त गवताला, चेंडूला लावलेल्या हातांनी लेन्सला हात लावू नका, ती साध्या पाण्यानं कधी धुऊ नका आणि ती घालून झोपू नका.

लेसर केलेल्यांनी आणि मोठा उणे नंबर असलेल्यांनी फटक्यापासून डोळा जास्त जपावा. मोठा चेंडू लागला तर कपाळाचं आणि गालाचं हाड तो अडवतं. गोल्फचा चेंडू लहान आणि टणक, खोबणीच्या तोंडाच्या जवळपास त्याच मापाचा, त्यामुळे मार थेट डोळ्यावर बसू शकतो. 'फोर', म्हणजे चेंडू येतोय असा इशारा, ऐकू आला की कोण ओरडलं हे पाहायला वर बघू नका. पाठ वळवा, डोकं हातांत घ्या, वाका. चेंडू लागलाच तर दाबू नका, चोळू नका, औषध घालू नका. डोळ्यावर कागदी पेला उलटा धरा, तो हाडावर टेकू द्या आणि तडक रुग्णालय गाठा. दिसतंय म्हणून घरी थांबू नका. अशा मारानं काही वर्षांनी काचबिंदू होऊ शकतो. आणि मार लागो न लागो, डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा बाजूनं पडदा सरकल्यासारखा वाटला, तर त्याच दिवशी दृष्टिपटल तपासून घ्या.

प्रश्न: डॉक्टरताई, माझं वय ६९. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. शस्त्रक्रियेत कोणतं भिंग बसवावं म्हणजे गोल्फ खेळता येईल? की आता या वयात खेळ सोडलेला बरा?

काका, सोडू नका. हे मी एका माणसाकडे पाहून सांगते आहे. अनेक वर्षं आमच्याबरोबर खेळणारे एक ज्येष्ठ गृहस्थ होते. आधी ते म्हणू लागले की संध्याकाळी झेंडा दिसत नाही. मग उतरतं ऊन समोर असलं की खेळ थांबवायचे. मग पहाटेची वेळ घ्यायला लागले, आणि एका दिवशी क्लबची पिशवी भाच्याला देऊन टाकली. वय झालं, म्हणाले. मी डोळ्यांची डॉक्टर, त्यांच्या शेजारून चालत होते, आणि सहा महिने मला त्यांना माझ्या खुर्चीत बसवायचं सुचलं नाही. समोरून येणारा उजेड सहन न होणं, रंग मळकट होणं, दूरची फिकट वस्तू पार्श्वभूमीत विरणं, सगळी लक्षणं त्यांनी मला आपल्या तोंडानं सांगितली होती. ते अजून मनाला लागून आहे. शस्त्रक्रियेनंतर ते परत आले, भाच्याकडून पिशवी मागून घेतली, आणि पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, उभे राहून गवत इतकं हिरवं असतं हे विसरलोच होतो म्हणाले.

आता भिंगाचं. दूरसाठीचं एकाच अंतराचं भिंग उजेड वाटत नाही, सगळा एका ठिकाणी आणतं. चेंडूचा ठिपका, ग्रीनवरची सावली, उतार यांसाठी ते सर्वात खात्रीचं. चेंडूपाशी किंचित धूसर, पण चालण्याजोगं दिसतं. वाचनाला चष्मा लागतो. तीन अंतरांची भिंगं चष्म्यावाचून वाचू देतात, पण उजेड वाटून घेतात, त्यामुळे फिकट वस्तूंचा उठाव कमी होतो आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. दूरपासून हाताच्या अंतरापलीकडपर्यंत पल्ला वाढवणारी भिंगं या दोन्हींच्या मधली. दीड मीटरवरच्या चेंडूला ती छान जुळतात. एक डोळा दूरला आणि एक जवळला, अशी वाटणी मात्र गोल्फ खेळणाऱ्याला मी सहसा सुचवत नाही, कारण खोलीचा अंदाज दोन्ही डोळे मिळून देतात. सिलिंडर नंबर असेल तर तो दुरुस्त करणारं टोरिक भिंग मागा. आणि काचबिंदू किंवा दृष्टिपटलाचा त्रास असेल तर तीन अंतरांच्या भिंगाचा विचार सोडून द्या.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगा की मी गोल्फ खेळतो, आणि घरून टेपनं मोजलेली अंतरं कागदावर लिहून न्या. एक डोळा झाला आणि दुसरा व्हायचा आहे, त्या मधल्या आठवड्यांत दोन्ही डोळ्यांचं गणित जुळत नाही. पायऱ्या, उतार जपून. पूर्ण ताकदीचा फटका काही आठवडे नको, तुमचे डॉक्टर सांगतील तेव्हाच. पटिंगला त्याआधी परवानगी मिळते. पण धूळ उडत असेल तर त्या दिवशी घरीच थांबा, डोळा चोळू नका, आणि ड्रॉप्स अगदी वेळेवर घाला.